सोनूची वही



लेकीकडे सहा महिने राहून आले त्याला आता बरेच दिवस झाले. स्वाध्यायाला भेटलं की कुणी ना कुणी विचारतंच, "तिकडचं काही लिहिलं नाहीत अजून?" फिरलेल्या जागांबद्दल लिहायचं तर एका दिवसात लिहून झालं असतं. पण मला जे लिहायचं होतं ते घरातलं होतं, म्हणून आधी लेकीला विचारलं. ती म्हणाली, "लिही आई. फक्त त्याचं खरं नाव नको आणि आमच्या गावाचंही नको." म्हणून नातवाला इथे सोनू म्हणते. गाव इंग्लंडच्या मध्यभागातलं, लेस्टरच्या जैन मंदिरापासून गाडीने तासाभराच्या अंतरावरचं, एवढं पुरे.

सोनू सहा वर्षांचा आहे. चौथ्या वर्षी त्याला ऑटिझम, म्हणजे स्वमग्नता, असल्याचं डॉक्टरांनी सांगितलं. बोलत नाही. पांढरा भात, दही, टोस्ट आणि केळं, या चार गोष्टींशिवाय पाचवी गोष्ट तोंडात घेत नाही. दार उघडं दिसलं की रस्त्याकडे धावतो. मिक्सर सुरू केला की दोन्ही कान दाबून ओरडतो. आणि गळ्यात हात टाकून बिलगला की सोडत नाही. हे सगळं मला फोनवरून ठाऊक होतं. पण फोनवरून ठाऊक असणं आणि रात्री दोन वाजता त्याच्यामागे जिना उतरणं यात फरक आहे.

मी पोचले त्या आठवड्यात जेवणाच्या टेबलावर एक जाडजूड फॉर्म पडला होता. चाळीसेक पानांचा. लेक रोज संध्याकाळी उघडायची, दोन ओळी लिहायची आणि मिटून ठेवायची. तिकडे सोळा वर्षांखालच्या अपंग मुलांसाठी एक भत्ता असतो, त्याचा तो अर्ज. आईवडिलांचं उत्पन्न किती हे त्यासाठी बघत नाहीत. मुलाला त्याच्या वयाच्या इतर मुलांपेक्षा किती जास्त सांभाळावं लागतं, एवढंच बघतात. मी चष्मा लावून तिने लिहिलेलं वाचलं. रात्री मुलाला उठून बघावं लागतं का, या प्रश्नापुढे लिहिलं होतं, "कधी कधी." जेवणापुढे, "स्वतः जेवतो, थोडी मदत लागते."

मी काही बोलले नाही. पण आदल्याच रात्री ती तीनदा उठली होती आणि दुपारचा दहीभात भरवायला पाऊण तास लागला होता.

दुसऱ्या दिवशी तिने एका सल्ला केंद्रात फोन केला. इंग्लंडमध्ये प्रत्येक भागात अशा मुलांच्या पालकांसाठी मोफत सल्ल्याची सोय असते. तिथल्या बाईंनी विचारलं, "तुम्ही चांगल्या दिवसाबद्दल लिहिलंय की रोजच्या दिवसाबद्दल?" लेक गप्प झाली. फोन ठेवल्यावर म्हणाली, "आई, आपल्याच मुलाबद्दल असं काय काय येत नाही ते लिहायचं? हात चालत नाही माझा."

मैत्रिणींनो, मी १९८०च्या सुमाराची बी.कॉम. नोकरी कधी केली नाही, पण घरखर्चाची वही लग्नापासून एक दिवस चुकवलेली नाही. आमचे हे थट्टा करतात, की हिच्या वहीत रिक्षाचे पाच रुपयेसुद्धा सापडतील. मी लेकीला म्हटलं, तू लिहू नकोस, मी लिहिते. खर्चाची बाजू झाकून ताळेबंद जुळवता येत नाही, एवढं तरी मला कॉलेजात शिकवलं होतं.

जवळच्या दुकानातून एक दोनशे पानी वही आणली. पाच रकाने आखले: तारीख, वेळ, काय झालं, किती मिनिटं, कोण उठलं. चौदा दिवस लिहिलं. चौदा रात्रींपैकी अकरा रात्री सोनू उठला होता. लेक आणि जावई मिळून एकतीस वेळा उठले होते. सर्वांत लांब रात्र एक चाळीस ते चार पंधरा. एका वेळच्या जेवणाला सरासरी पन्नास मिनिटं. दाराकडे धाव नऊ वेळा.

नवव्या दिवशी तो मला चावला. मी त्याच्या आवडीचा निळा पेला धुवायला घेतला होता. मनगटावर दात उमटले. ते मात्र वहीत लिहायला माझाही हात चालेना. आपलं लेकरू चावतं हे परक्या देशातल्या परक्या साहेबाला कशाला सांगायचं? ही त्या जीवाची निंदाच नाही का?

रात्री सामायिकाला बसले तेव्हा महाराजांचं एक जुनं प्रवचन आठवलं. विषय होता आलोचनेचे दहा दोष. त्यातला एक असा, की लोकांनी पाहिलेला दोष तेवढा गुरूपुढे सांगायचा आणि कुणी न पाहिलेला ठेवून घ्यायचा. सोनूला जे होतं तो त्याचा दोष नाही, हे मला कळतं. पण लपवायची सवय तीच. जे चारचौघांना दिसतं तेवढंच कबूल करायचं आणि घराच्या दाराआड जे चालतं ते झाकायचं. निंदा करणारा दुसऱ्याला खाली पाडायला बोलतो. वैद्यापुढे दुखणं सांगणारा बरं व्हायला बोलतो. शब्द तेच असले तरी भाव वेगळा. सत्य अणुव्रत म्हणजे दुकानात खोटं न बोलणं, एवढाच अर्थ मी आजवर धरून चालले होते. वाढवून सांगणं असत्य, तसंच आवळून सांगणंही असत्यच.

उठले आणि लिहिलं: "गुरुवार, सकाळी आठ वीस, आजीच्या मनगटाला चावला, कारण पेला."

आता थोडं तिथल्या व्यवस्थेबद्दल सांगते, कारण आपल्या पुष्कळजणींची मुलं तिकडे आहेत आणि नातवंडं लहान आहेत. मी वर सांगितला तो भत्ता केंद्र सरकारचा. बाकीची बरीचशी मदत मात्र कौन्सिलकडून येते. कौन्सिल म्हणजे आपल्याकडची महानगरपालिकाच म्हणा, फक्त शाळा आणि समाजसेवेचं खातंही त्यांच्याकडे असतं. १९८९च्या मुलांच्या कायद्याप्रमाणे अपंग मूल हे मदतीची गरज असलेलं मूल धरतात, आणि त्या घराची गरज काय आहे हे पाहण्याची जबाबदारी कौन्सिलची. २०१४ साली आणखी एक कायदा आला. त्याप्रमाणे शिक्षण, आरोग्य आणि सांभाळ या तिन्ही गोष्टी एका कागदावर आणणारी योजना मुलासाठी करता येते. जन्मापासून पंचविसाव्या वर्षापर्यंत ती चालू शकते. शाळेनेच मागितली पाहिजे असं नाही, आईवडीलही मागू शकतात. प्रत्येक कौन्सिलने आपल्या भागात कायकाय सोयी आहेत याची यादी लोकांसाठी खुली ठेवायची असते, तिला लोकल ऑफर म्हणतात. घरात न्हाणीघर बदलायचं, कठडे बसवायचे तर इंग्लंडमध्ये तीस हजार पौंडांपर्यंत अनुदान असतं, आणि मूल अठराच्या आतलं असेल तर आईवडिलांचं उत्पन्न बघत नाहीत. गाडी जवळ लावण्याचा निळा परवाना २०१९पासून न दिसणाऱ्या अपंगत्वालाही मिळू लागला.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात ठेवा. तुमच्या मुलांच्या व्हिसावर सरकारी निधी घेता येणार नाही अशी अट असेल, तर तो भत्ता मिळत नाही, आणि चुकून घेतला तर व्हिसा अडचणीत येतो. पण शाळेतली मदत आणि ती योजना यांना ती अट लागू नाही. "आपण व्हिसावर आहोत, आपल्याला काहीच नाही" असं समजून कित्येक जण शाळेतही तोंड उघडत नाहीत.

आणि हे सगळं बटण दाबलं की मिळतं असंही नाही. योजना मागितल्यापासून वीस आठवड्यांत हातात पडायला हवी, असा नियम आहे. २०२३ साली देशभरात जेमतेम निम्म्या योजना या मुदतीत निघाल्या. लेकीचा पहिला अर्ज तर तपासणी न करताच परत आला होता. तिने त्याविरुद्ध दाद मागितली, तेव्हा गाडं हललं. दाद मागायचा हक्क कायद्यानेच दिलेला आहे, तरी नकाराचं पत्र आल्यावर ती आठ दिवस कुणाशी बोलली नव्हती म्हणे. मला तेव्हा फोनवर "सर्दी झालीय" सांगितलं होतं.

मे महिन्यात घरची पाहणी करायला सोशल वर्कर येणार होत्या. आदल्या रात्री जावई अस्वस्थ. आपल्या लोकांत एक धास्ती असतेच, की या बायका मुलं उचलून नेतात. मदतीसाठी केलेली पाहणी आणि मूल धोक्यात आहे म्हणून केलेली चौकशी या तिथे दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे लेकीने त्यांना दोनदा समजावलं. मी मात्र माझ्या स्वभावाप्रमाणे पाहुणे यायचे म्हणून घर लखलखीत केलं, बेसनाचे लाडू वळले, सोनूला नवा शर्ट घातला. आणि काय सांगू, त्या बाई तासभर बसल्या तेवढा वेळ सोनू खिडकीशी पडद्याची दोरी हलवत शांत बसून राहिला! त्या हसून म्हणाल्या, "किती शांत मुलगा आहे."

लेकीचा चेहरा पडला. मी आत गेले आणि वही आणून त्यांच्यापुढे ठेवली. लिखाण मराठीत, पण आकडे आणि वेळा होत्या. लेक एकेक ओळ इंग्रजीत सांगत गेली आणि त्या लिहून घेत गेल्या. चावल्याच्या ओळीशी त्या थांबल्या आणि माझ्या मनगटाकडे बघून विचारलं, "आता बरं आहे का?" मी मान हलवली. मला वाटलं होतं त्यांच्या नजरेत सोनू कमी होईल. तसं काही झालं नाही.

जूनपासून कौन्सिलने दर पंधरा दिवसांनी शनिवारी चार तास सोनूला एका क्लबात पाठवायची सोय केली. याला शॉर्ट ब्रेक म्हणतात. मुलाला खेळ आणि सांभाळणाऱ्यांना विसावा. अशी सोय ठेवणं २०११पासून कौन्सिलना बंधनकारक आहे. आणि इथे मी चुकले.

मी म्हणाले, "घरात धडधाकट आजी असताना पोर परक्यांच्या हाती द्यायचं? आम्ही नाही का वाढवली मुलं?" वरून खाण्याचा मुद्दा काढला. तिथे कुणी अंडं घातलेला केक दिला तर? जिलेटिनची गोळी दिली तर? लेकीने ते सगळं आधीच लिहून दिलं होतं. मांस, अंडं, मध, जिलेटिन काही चालणार नाही, डबा घरचा येईल. क्लबातल्या मुलीने ते कार्डावर लिहून सोनूच्या पिशवीला लावलं होतं. मला कार्ड दाखवलं आणि मग शांतपणे म्हणाली, "आई, तू आम्हाला वाढवलंस तेव्हा घरात आजी होती, मोठी काकू होती, शेजारी कुलकर्णी काकू होत्या. तू आंघोळीला गेलीस तर कुणीतरी मला धरायचं. इथे मला धरणारं दुसरं कोण आहे?"

पहिल्या शनिवारी सोनूला सोडून ती घरी आली. मला वाटलं बाजारात जाऊ म्हणेल. ती बूट न काढता सोफ्यावर टेकली आणि तिथेच झोपली. तीन तास. मी जवळ बसून होते. छत्तीस वर्षांची माझी लेक, केसांत किती पांढरं आलं होतं, ते मी आल्यापासून दोन महिन्यांत एकदाही नीट पाहिलं नव्हतं. सोनूकडेच बघत होते ना मी.

वैयावृत्त्य हे आपल्याकडे अंतरंग तपातलं एक तप. महाराज, माताजी आले की आपण सगळ्या किती मनापासून करतो! आजारी साधूची सेवा म्हणजे पुण्य, हे लहानपणापासून ऐकलेलं. पण सेवा करणारी बाई स्वतः थकली तर तिचं वैयावृत्त्य कुणी करायचं? तिने एकटीनेच केलं तर तप आणि मदत घेतली तर कमीपणा, असं कुठल्या शास्त्रात सांगितलंय? मंदिरात एका बाईंनी मला सहानुभूतीने सांगितलं होतं, "पूर्वकर्म असतं हो, भोगूनच संपतं." कर्म मी मानते. पण असातेचा उदय त्याचा, आणि त्या वेळी आपण काय करतो तो बंध आपला. दुसऱ्याचं कर्म म्हणून हात बांधून बसलं तर आपल्या खात्यात काय जमा होईल?

जुलैत योजनेचा कागद आला. सप्टेंबरपासून सोनू विशेष शाळेत जाऊ लागला. दारात मिनीबस येते, सोबत मदतनीस बाई असते. भत्त्याचाही निर्णय ऑगस्टमध्ये आला, रात्रीची देखरेख त्यात धरली होती. त्या भत्त्यात दिवस आणि रात्र दोन्हीकडे लक्ष द्यावं लागतं का, याला फार महत्त्व असतं. "कधी कधी" एवढंच लिहून अर्ज गेला असता तर रात्र मोजलीच गेली नसती.

दशलक्षण पर्व तिथेच झालं. क्षमावाणीला आम्ही लेस्टरला गेलो. तिथे जुन्या चर्चच्या इमारतीत १९८८पासून जैन केंद्र आहे, श्वेतांबर आणि दिगंबर दोन्ही मंदिरं एकाच छताखाली. गर्दीत सगळे एकमेकांना उत्तम क्षमा म्हणत होते. मी लेकीला बाजूला घेतलं आणि नेमकं सांगितलं, "आम्ही नाही का वाढवली, असं मी तुला म्हणाले होते. त्या वाक्याची क्षमा कर." दरवर्षी आपण वर्षभरातल्या कळत-नकळत चुकांची घाऊक क्षमा मागतो. एका वाक्याची मागणं अवघड जातं. ती काही बोलली नाही, माझा हात धरून उभी राहिली. सोनू चपलांच्या रॅकपाशी जावयांबरोबर चपला जोडीने लावत होता.

सांगलीला परत आल्यावर मला आमच्या मंडळातल्या एका ताईंची आठवण झाली. त्यांच्या मुलीला जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. ती आता एकोणीस वर्षांची आहे. इतक्या वर्षांत आमच्यापैकी किती जणींनी तिला पाहिलंय? मी दोनदा. एका दुपारी वही घेऊनच गेले. विचारलं, यूडीआयडी कार्ड काढलंय का? नव्हतं. "कुठे रांगेत तिला घेऊन उभं राहायचं, लोक बघतात," म्हणाल्या.

आपल्याकडे शनिवारचा क्लब नाही, हे खरं. पण काहीच नाही असंही नाही. २०१६च्या कायद्यात एकवीस प्रकारची अपंगत्वं धरली आहेत, ऑटिझमही त्यात आहे. चाळीस टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचा दाखला असेल तर सहा ते अठरा वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. महानगरपालिका, नगरपालिका, ग्रामपंचायत यांनी स्वतःच्या उत्पन्नातले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असा आपल्या राज्याचा नियम आहे. ते कशावर खर्च होतात हे विचारायला आपण जातच नाही. ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली निरामय नावाचा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा आहे. जुन्या करपद्धतीत आयकर भरणाऱ्या पालकांना पंच्याहत्तर हजारांची वजावट मिळते, अपंगत्व तीव्र असेल तर सव्वा लाखाची. आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे, मूल अठराचं झालं की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. त्याच न्यास कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीकडे अर्ज करून पालकत्व नोंदवून घ्यावं लागतं.

हे शेवटचं ऐकल्यावर ताई रडल्या. "मी गेल्यावर हिचं काय" हा प्रश्न त्या एकोणीस वर्षं एकट्याच उशाशी घेऊन झोपत होत्या.

दाखल्याला तीन हेलपाटे पडले. तिन्ही वेळा मी आणि मंडळातली आणखी एकजण सोबत होतो. लोकांनी बघितलं, आणि बघून आपापल्या कामाला गेले. कार्ड आता आलं आहे, निरामयचा अर्ज भरला आहे, पालकत्वाच्या अर्जाची कागदपत्रं जमवतोय. आणि दर बुधवारी दुपारी दोन तास आमच्यापैकी एकजण त्या मुलीपाशी बसते. गेल्या बुधवारी ताई बऱ्याच वर्षांनी शांतपणे पूर्ण पूजा करून आल्या.

तुमच्या घरात किंवा शेजारी असं लेकरू असेल तर आजच एक वही आणा आणि चौदा दिवस लिहा. चांगला दिवस चांगला लिहा, वाईट दिवस वाईट लिहा. वाढवू नका आणि झाकूही नका. कुठलाही दाखला, कुठलाही अर्ज करायला ती उपयोगी पडेल. आणि नाहीच पडली, तरी त्या आईला रोज किती वेळा उठावं लागतं हे घरातल्या बाकीच्यांना तरी कळेल.

सोनूची वही लेकीने पुढे चालू ठेवली आहे. परवा तिने एका पानाचा फोटो पाठवला. "मंगळवार, संध्याकाळी सहा दहा, पाच मिनिटं. गाजराशिवायची खिचडी, दोन घास, स्वतःच्या हाताने."

पाचवी गोष्ट.

जय जिनेंद्र.